घासू नकोस गं बाई

हे बूट घासायचेच असतात. एवढी साधी गोष्ट मी आत्याला कितीदा सांगितली असेल! तिनं दर वेळी मान हलवली आणि दर वेळी तेच म्हणाली, "व्हय व्हय, पण तू घासू नकोस गं बाई." तेव्हा मला हसू यायचं. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

ॲग्रेसिव्ह इनलाइन स्केट्स म्हणतात त्यांना. आमच्या राजेश्वर गावात चाकं लावलेल्या कुठल्याही बुटाला चाकाचे बूट म्हणतात, त्यामुळं फरक सांगायला गेलं की लोक जांभया देतात. शर्यतीच्या स्केट्सची चाकं मोठी, सरळ रेषेत सुसाट पळण्यासाठी. यांची चाकं लहान आणि टणक. मधल्या दोन चाकांच्या मध्ये एक खाच, आणि तळाला बाहेरच्या अंगानं प्लॅस्टिकची जाड पट्टी. पळत यायचं, उडी मारून एखाद्या कट्ट्याच्या कडेवर चढायचं आणि त्या पट्टीवर खर्रकन घसरत जायचं. पट्टी खरवडते, झिजते, पार झिजली की बदलायची. तिच्यावर ओरखडा नसेल तर त्या बुटात अजून कुणी धड उभंच राहिलेलं नाही, असं खुशाल समजावं.

कलबुर्गीला कॉलेजात असताना मी शर्यतीच्या स्केट्सवर शिकले. सुट्टीला गावी आले की डाळ मिलच्या खळ्यावर पळायचे. अप्पा, म्हणजे माझे वडील, तुरीचे व्यापारी. हायवेला लागून त्यांची डाळ मिल आहे. तेल चोळलेली तूर वाळत घालायला तिथं सिमेंटचं भलंमोठं अंगण केलंय, घोटून घोटून गुळगुळीत केलेलं. त्याच्या एका बाजूला गुडघ्याच्या खालपर्यंत येईल असा बुटका कट्टा आहे, आणि ट्रॉली लागून कड फुटू नये म्हणून कट्ट्याला लोखंडी अँगल बसवलाय. बाकीच्यांना तिथं तूर दिसायची. मला तो अँगल दिसायचा.

गावानं नावं ठेवली, ती ठेवणारच होती. पोरगी विजार घालून चाकावर पळायलीय, बापाला काही वाटत न्हाई का, वगैरे. अव्वा, माझी आई, ते ऐकून घरात येऊन भांडी आपटायची. अण्णा, माझा मोठा भाऊ, मित्रांसमोर मला ओळख दाखवायचा नाही. माझ्या बाजूनं बोलणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे आत्या. अप्पांची थोरली बहीण, मन्नाएखेळ्ळीला दिलेली. तिथं हायवेवर त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. आत्या बसनं यायची, खळ्याच्या कडेला पोत्यावर मांडी घालून बसायची आणि मला बघत राहायची. एकदा शेजारची बाई काहीतरी बोलली तर तिला म्हणाली, "तुमच्या पोरीला पळता येत न्हाई म्हणून आमचीनं बी बसून राहायचं व्हय?" त्या बाईनं परत तोंड उघडलं नाही. अप्पासुद्धा तिला वचकून असत.

गेल्या वर्षी मी मूर्खपणा केला. मोबाइलवर बघून बघून मला त्या कट्ट्यावर चढायची हौस आली आणि शर्यतीच्याच स्केट्सवर मी उडी मारली. ते बूट त्यासाठी नसतात. उजव्या पायाचा घोटा मोडला. कलबुर्गीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तेव्हा आत्या दुकान टाकून माझ्या उशाशी बसून राहिली. प्लास्टर निघाल्यावर तर ती आमच्याच घरी मुक्कामाला आली. रोज संध्याकाळी पाय मांडीवर घेऊन तेल चोळायची, मग हाताला धरून ओट्यापासून गोठ्यापर्यंत चालवायची. "टाक पाऊल. टाक म्हणते ना! रडायलीस कामून? मी हाय की." कितीतरी महिने मी लंगडत होते. मग एके दिवशी लंगडणं गेलं. आत्यानंच ते आधी ओळखलं, आणि पदर डोळ्याला लावून रडली.

मधल्या काळात अव्वानं माझे जुने स्केट्स भंगारवाल्याला देऊन त्या बदल्यात लसूण घेतला. लसूण! मी दोन दिवस भाजी खाल्ली नाही.

आता बेंगळूरचं सांगते, कारण सगळं त्याच्यासाठी होतं. कलबुर्गीच्या क्लासातली माझी एक मैत्रीण तिकडं एका स्केटिंगच्या मैदानात शिकवायला लागली होती. तिनं फोन केला, लहान पोरांना शिकवायला एक मुलगी पाहिजे, ये. राहायची सोय माझ्याकडं. आणि इथं रॅम्प हायेत, लोखंडी दांडे हायेत, तुझ्या त्या घासायच्या बुटांसाठी मुद्दाम केलेली जागा हाय. डिग्री झाली होती, घरात बसून होते, मी हरखून गेले. भीत भीत अप्पांना विचारलं.

अप्पा सकाळची लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून चहा पीत होते. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पाय पुरता बरा झाला का, ते आधी बघू. बूट घालून माझ्यापुढं पळून दाखव. पाय टिकला तर जा."

"शब्द?"

"शब्द."

बाजारात अप्पांचा शब्द म्हणजे सौदा पक्का, पुढं कुणी काही विचारत नाही. मी पण विचारलं नाही. अडचण एकच, पळून दाखवायला पायात घालणार काय? बूट तर लसणात गेले होते. मी आत्याला फोन केला आणि रडले. आत्या म्हणाली, "कसले पाहिजेत तुला? नाव सांग. पोराला मोबाइलवर मागवायला लावते."

खोकं घेऊन ती स्वतः आली, कापडी पिशवीत घालून, बसमध्ये मांडीवर ठेवून. काळे बूट, पांढरी पट्टी, आतलं अस्तर अजून कागदाच्या बोळ्यांनी फुगलेलं. वास! नव्या बुटाचा तो वास मी किती वेळ घेत बसले काय सांगू. आत्यानं मात्र खोकं बाजूला नीट ठेवलं, थर्माकोल नीट ठेवला, कागदाचे बोळे उलगडून घडी घातली. मी कात्री घेऊन किमतीचं लेबल कापायला गेले तर तिनं माझा हातच धरला.

"राहू दे ते."

"अगं, लोंबकळायलंय."

"आत सारते. दिसत न्हाई." आणि तिनं ते लेसच्या खाली सरकवून वर गाठ मारली.

मला यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार तरी कसं? आमच्या घरात फ्रिजचा प्लॅस्टिक कागद अजून निघालेला नाही. अप्पांच्या मोटरसायकलच्या सीटचं कव्हर फाटून चिंध्या झाल्या तरी काढलं नाही. सोफ्यावर बसलं की उन्हाळ्यात मांड्या चिकटतात. नवी वस्तू जेवढी झाकलेली तेवढी नवी, अशी आमची रीत. मी म्हटलं, आत्या म्हणजे आमचीच की.

पूजा झाली. नवं वाहन आलं की आमच्याकडं ओवाळतात, नारळ फोडतात आणि चाकाखाली लिंबू ठेवून वरनं गाडी नेतात. अव्वानं चार लिंबं आणून ठेवली होती. आत्यानं बुटांना ओवाळलं, पण कुंकू लावलं ते खोक्यावर. आणि लिंबं उचलून परत अव्वाच्या हातात दिली.

"चाकाला रस लागतो. कशाला उगी?"

आत्यानं लिंबं परत दिली! ज्या बाईनं नव्या मिक्सरपुढं लिंबू चिरडलं होतं, तिनं! अव्वा लिंबं घेऊन आत गेली. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. पण माझं सगळं लक्ष त्या पांढऱ्या पट्टीकडं होतं.

रविवारी सकाळी खळं झाडून ठेवलं होतं. कोपऱ्यात तुरीचा ढीग ताडपत्रीखाली, बाकी सगळं मोकळं. मी हेल्मेट चढवलं, गुडघ्याला पॅड बांधले आणि बघते तर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. अप्पा, अव्वा, अण्णा, आत्या, आणि तीन पाहुणे: एक पोक्त बाई, तिचा नवरा आणि त्यांचा मुलगा.

"खजुरीचे हायेत," अप्पा म्हणाले. "तूर बघायला आलेत."

आळंद तालुक्यातली खजुरी, महाराष्ट्राच्या हद्दीवरची. तिकडचे शेतकरी मिलवर नेहमी यायचे. मी हात जोडून आमच्या लिंगायतांच्या रीतीनं "शरणार्थी" म्हणून नमस्कार केला आणि उभी राहिले.

उभी राहिले खरी, पण पाय उचलेना. घोट्यात आत स्क्रू आहेत हे मला त्या क्षणी जितकं जाणवलं तितकं कधी जाणवलं नव्हतं. आत्या पुढं आली आणि तिनं माझा हात धरला, अगदी ओट्यापासून गोठ्यापर्यंत चालवायची तसाच. "सरळ जा, सरळ ये. उड्या न्हाई मारायच्या. आन् घासू नकोस गं बाई."

तिनं हात सोडला आणि मी गेले.

काय सांगू! छोटी चाकं, त्यामुळं सिमेंटचा कण न् कण पायाला कळत होता. पहिली फेरी घाबरत झाली. दुसऱ्या फेरीला मी वळताना झुकले, पाय टिकला. तिसरीला मी उलटी पळाले. वारा हेल्मेटच्या भोकांतून शिटी मारत होता आणि मी मोठ्यानं हसत होते, एकटीच, खुळ्यासारखी. खजुरीचा मुलगा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. मला वाटलं, याला आवडतंय. म्हणून मी त्याच्यासमोरून मुद्दाम परत परत गेले, एकदा एका पायावर गेले, एकदा गोल फिरून दाखवलं. हे आठवलं की मला अजून माझीच लाज वाटते.

"कुठला पाय म्हणला होता?" खजुरीच्या बाईनं विचारलेलं मला ऐकू आलं.

"उजवा," आत्या म्हणाली. "पण बघा की, काय तरी फरक कळायलाय का?"

बाई माझ्या पायाकडं टक लावून बघत होती. मला वाटलं, काळजी करणारी दिसतेय.

शेवटी मी अप्पांकडं पाहिलं. ते हसत होते, पण मला वाटलं एवढ्यावर भागणार नाही, सरळ तर कुणीही पळतं. खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला, बूट नीट घसरावा म्हणून कट्ट्याच्या अँगलला चोळला. आत्या खुर्चीतून उठली. "अगं ए! काय करायलीस? नको म्हणले ना मी!" मी लांब गेले, तिथून पळत आले आणि उडी मारली. मोडलेला तोच उजवा पाय, त्याच कट्ट्यावर.

खर्रर्र.

तो आवाज ज्यानं पायाखाली ऐकलाय त्यालाच कळेल. कट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी घसरत गेले आणि दोन्ही पायांवर खाली उतरले, उभी. पडले नाही. खळ्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, खजुरीच्या बाईनंसुद्धा. फक्त आत्या कपाळाला हात लावून उभी. मी तिच्यासमोर जाऊन थांबले तर तिनं खाली वाकून माझा बूट बघितला. पांढऱ्या पट्टीला हा एवढा लांब ओरखडा, त्यात गंजाचा तांबूस रंग भरलेला.

"घासलास की गं," ती म्हणाली. डोळ्यात पाणी.

"आत्या, घासायचेच बूट हायेत हे!" मी तिला मिठी मारली. ती रडत होती, मला वाटलं आनंदानं.

अप्पा पाहुण्यांना म्हणाले, "पाय बरा हाय. बघितलात न्हवं?" आणि मी मनात म्हटलं, बेंगळूर!

पुढचे दिवस मी हवेत होते. मैत्रिणीला फोन केला, बॅग काढून ऊन दाखवलं, कपड्यांच्या घड्या घातल्या. अव्वा दारातून बघायची आणि आत निघून जायची. मी म्हटलं, वाईट वाटत असणार बिचारीला, लेक चाललीय.

मग एका दुपारी दारात कुरियरवाला आला. पाठीवर मोठी पिशवी, घामाघूम. मी ओट्यावर बसून त्याच बुटांची चाकं पुसत होते.

"रिटर्न पिकअप है, मॅडम. जूते."

"कसले जूते? आमच्याकडं काय न्हाई रिटर्न."

त्यानं मोबाइल बघितला, माझ्या मांडीवरचे बूट बघितले. "यहीच तो है." मग ते हातात घेऊन उलटे केले आणि तोंड वाकडं केलं. "अरे, ये तो घिस गया पूरा. ऐसा नै लेते." त्याच्याकडं जो नंबर दिला होता त्यावर त्यानं फोन लावला आणि हात मोकळा राहावा म्हणून स्पीकर चालू केला.

आवाज आत्याचा होता. मागं दुकानातली भांडी वाजत होती. "हौ भैया, मैं ही बोली थी. ले जाव जूते. पोरी को कुछ नक्को बोलो, उसकी माँ से लेव."

मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला. "आत्या, मी बोलायलेय."

भांडी वाजत राहिली.

"बूट परत कामून द्यायलीस?"

"आता काय गरज हाय गं त्येंची?" ती इतक्या सहज म्हणाली, जसं पाहुणे गेल्यावर शेजारून आणलेल्या पराती परत पाठवायच्या. "काम झालं की."

"कुठलं काम?"

"पाय बघितला न्हवं त्येंनी. पसंत हाय म्हणालेत. लई चांगली माणसं हायेत बघ. चार एकर बागायत..." ती पुढं बोलत होती. मी मोबाइल कुरियरवाल्याला परत दिला. तो बिचारा बूट ओट्यावर ठेवून निघून गेला.

मागं वळून बघितलं तर अव्वा दारात उभी होती. मी विचारलं, "तुला म्हाईत होतं?" तिनं खाली बघितलं. अण्णा आतून आला होता, त्यानं मोबाइलमध्ये डोकं घातलं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी लंगडी आहे अशी आवई खजुरीपर्यंत गेली होती, आणि तिथलं चांगलं स्थळ त्यावरून अडलं होतं. पोरीला नुसतं चालवून दाखवलं तर ती कचरेल, नको म्हणेल. पण तिला पाहिजेत ते बूट पायात घातले की ती आपल्या पायानं नाचेल. ही अक्कल आत्याची. बैलबाजारात बैल घ्यायच्या आधी पळवून बघतात, तसं मला पळवलं होतं. फरक एवढाच की बैल हसत नाही, मी हसत होते.

संध्याकाळी अप्पा मिलवरून आले. मी दारातच उभी होते.

"अप्पा, तुम्ही शब्द दिला होता."

"हो, पण आता त्येंना शब्द दिलाय," ते चप्पल काढत म्हणाले. "बेंगळूरचं लग्नानंतर त्येंना विचार. नको म्हणणार न्हाईत ते."

"आन् मला दिलेला?"

अप्पांना माझा प्रश्न खरंच कळला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "तू घरचीच हायेस की गं," ते म्हणाले.

घरच्याला दिलेला शब्द शब्दच नसतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी त्या दिवशी जेवले नाही. अव्वा ताट घेऊन आली आणि घेऊन गेली.

खजुरीची मंडळी परत येणार होती, या वेळी उघडपणे, घरी. आत्या आदल्या दिवशीच आली, माझ्याजवळ येऊन बसली, पाठीवरून हात फिरवायला लागली. मी हात झटकला. "तुझ्याच भल्याचं केलं," ती म्हणाली. "लंगडी म्हणून नाव झालं होतं तुझं. मला ते ऐकवत न्हवतं."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू पळाली असतीस का?"

पळाले नसते, हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी साडी नेसले. सगळ्यांना वाटलं, पोरगी वळणावर आली. चहापाणी झालं. मग खजुरीची बाई जरा अवघडून म्हणाली, "व्हिडिओ आमच्या भावकीत सगळ्यांनी बघितला. पण चाकावर पायाचं काय कळत न्हाई म्हणायलेत. एवढं इथून तिथपर्यंत चालून दाखव बरं, पोरी. राग मानू नकोस."

मी उठले. आणि लंगडत गेले.

ठरवून, अगदी तीच लंगड, प्लास्टर निघाल्यावरची. पाऊल आधी टेकवायचं, मग कंबर वर, मग दुसरा पाय ओढायचा. शरीर काही विसरत नाही. मी भिंतीपर्यंत गेले आणि तशीच परत आले. अप्पांचा चेहरा पडला. खजुरीच्या बाईनं माझ्याकडं बघितलं आणि मग आत्याकडं वळली.

"तुम्ही हिला सांभाळलंय म्हणता. खरं सांगा. पाय बरा हाय का न्हाई?"

खोलीत सगळे आत्याकडं बघत होते. त्या पायाची जेवढी ओळख तिला होती तेवढी डॉक्टरलाही नव्हती. माझं लंगडणं सोंग आहे हे फक्त तीच छातीठोकपणे सांगू शकत होती, आणि खोटं बोलली असती तर तिच्या शब्दापुढं कुणाचं काही चाललं नसतं. मी तिच्याकडं बघितलं. सगळा राग गिळून बघितलं. डोळ्यांनी म्हटलं, आत्या, एवढं एकदा. बूट विसरते, व्हिडिओ विसरते, सगळं विसरते.

तिनं माझ्या डोळ्यात बघितलं. तिला कळलं, मला शंका नाही.

"सोंग करायलीय," आत्या म्हणाली. "पाय ठणठणीत हाय. मी माझ्या हातानं चोळलाय. देवाशपथ."

खजुरीची बाई माझ्याकडं वळली. मग तिनं मलाच विचारलं, "त्या दिवशी आम्ही कशाला आलो होतो, ते तुला म्हाईत होतं का?"

"न्हाई," मी म्हटलं. "तूर बघायला म्हणाले."

ती उठली. नवऱ्याला आणि मुलाला खूण केली. अप्पांना म्हणाली, "राग न्हाई, दादा. पण धडधाकट पोरगी लंगडून दाखवायलीय, म्हंजे तिच्या मनात न्हाई. मनात नसलेली पोरगी आम्ही न्हेत न्हाई." जाताना तिनं माझ्या गालाला हात लावला. त्या सबंध प्रकरणात मला थेट काही विचारणारी ती एकटीच.

त्यांची गाडी गेल्यावर अप्पा ओसरीत बसून राहिले. मी त्यांच्यासमोर गेले, सरळ चालत.

"अप्पा, पाय बरा हाय. आत्यानं चारचौघांत शपथेवर सांगितलंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "जा," एवढंच म्हणाले.

तशी मी बेंगळूरला आले. आता तिथंच आहे. सकाळी पोरांना शिकवते, संध्याकाळी लोखंडी दांड्यांवर तेच बूट घासते. परत द्यायचे होते ते बूट. मी त्या दिवशी आत्याचं ऐकून ते घासले नसते तर ते कधीच माझे झाले नसते.

निघायच्या दिवशी आत्या हायवेवर बसपाशी आली होती. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणली होती. मी घेत नव्हते, तर तिनं पिशवी माझ्या बॅगेत कोंबली आणि म्हणाली, "मी खरं बोलले म्हणून तुला जायला मिळालं बघ. माझ्यावर रागावू नकोस गं बाई."

सगळे हेच म्हणतात. अव्वा म्हणते, अण्णा म्हणतो. आत्याच्याच एका वाक्यानं माझं काम झालं. पण ते वाक्य ती बोलली तेव्हा तिला मला खजुरीला पाठवायचं होतं, हे मी तिच्या डोळ्यात बघितलंय. ती दर आठवड्याला फोन करते, जेवलीस का विचारते, पाय दुखतो का विचारते. मी हो-नाही म्हणते आणि ठेवते. माझ्याशी ती किती सफाईनं खोटं बोलली! लेबल लपवताना, लिंबं परत देताना, हात धरून पळायला सोडताना. माझ्यासाठी एकदाच खोटं बोलायचं होतं, तेवढं मात्र तिला जमलं नाही.